प्रकाश सापळ्यातील ट्यूब काढून एलईडी बसवताना

प्रकाश सापळ्यातील जुनी ट्यूब जळाली की बहुतेक ठिकाणी बाजारात सहज मिळणारा पांढरा एलईडी दिवा लावला जातो. दिवा लख्ख पेटतो, बॅटरी जास्त वेळ टिकते, त्यामुळे काम झाले असे वाटते. मात्र चार-आठ दिवसांनी पाहिले तर सापळ्यात पतंगांची संख्या फारच कमी झालेली असते. यातला खरा धोका पुढे येतो. सापळा रिकामा दिसला की ‘यंदा कीड कमी आहे’ असा अर्थ काढला जातो, अंडीपुंज शोधण्याचे काम मागे पडते आणि अळी तिसऱ्या-चौथ्या अवस्थेत गेल्यावर लक्षात येते. तेव्हा औषधाचा खर्च वाढलेला असतो आणि परिणाम कमी मिळतो.

एलईडी वाईट म्हणून असे होत नाही. योग्य एलईडी सापळ्यासाठी ट्यूबपेक्षा अनेक बाबतींत चांगला आहे. फक्त सापळ्यात दिवा निवडताना त्याचा उजेड नव्हे, तर त्याची तरंगलांबी पाहावी लागते.

कीटकाला काय दिसते

प्रकाशाची तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मोजतात. माणसाच्या डोळ्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला प्रकाश दिसतो. ४०० च्या खालचे अतिनील किरण आपल्याला जवळजवळ दिसत नाहीत. रात्री उडणाऱ्या बहुतेक पतंगांच्या डोळ्यांत मात्र अतिनील (साधारण ३५०), निळा (साधारण ४५०) आणि हिरवा (साधारण ५३०) अशा तीन भागांना प्रतिसाद देणाऱ्या पेशी असतात. यांपैकी अतिनील आणि निळ्या भागाकडे ते सर्वाधिक ओढले जातात.

सापळ्यासाठीच्या खास ट्यूबला बाजारात ‘ब्लॅकलाइट’ किंवा ‘बीएल’ म्हणतात. तिच्या आत पाऱ्याची वाफ असते. वीज गेल्यावर ही वाफ २५४ नॅनोमीटरचे किरण सोडते आणि काचेच्या आतील पावडरीचा थर ते ३५० ते ३७० नॅनोमीटरच्या किरणांत बदलतो. गडद जांभळ्या काचेच्या ट्यूबवर ‘बीएलबी’ असे लिहिलेले असते. तिची काच दिसणारा प्रकाश अडवते आणि अतिनील तेवढा बाहेर सोडते. घरातील साध्या पांढऱ्या ट्यूबमधूनही ३६५ आणि ४०५ नॅनोमीटरचे थोडे किरण निसटतात. म्हणून साध्या ट्यूबभोवतीही पावसाळ्यात किडे जमतात.

पांढऱ्या एलईडीची रचना वेगळी असते. त्यात सुमारे ४५० नॅनोमीटरची निळी चिप असते आणि वर पिवळसर पावडरीचा थर असतो. निळा आणि पिवळा मिळून आपल्याला पांढरा प्रकाश दिसतो. त्यात अतिनील भाग नसल्यात जमा असतो. घराच्या ओसरीवर ही चांगलीच गोष्ट आहे, किडे कमी येतात. सापळ्यात तोच दोष ठरतो. ‘वॉर्म व्हाइट’ म्हणजे पिवळसर एलईडीत तर निळा भागही कमी असतो, त्यामुळे तो सापळ्यासाठी सर्वांत निरुपयोगी.

कोणता एलईडी घ्यावा

सापळ्यासाठी ३६५ ते ३७० नॅनोमीटरचा अतिनील एलईडी घ्यावा. जर्मनीतील येना विद्यापीठातील कीटकशास्त्रज्ञ गुन्नार ब्रेम यांनी २०१७ मध्ये पतंग गोळा करण्यासाठी एलईडी दिव्याची एक रचना प्रसिद्ध केली. त्यात ३६८ नॅनोमीटरचे अतिनील, ४५० चे निळे, ५३० चे हिरवे आणि काही पांढरे एलईडी एकत्र होते. मुद्दाम निवडलेला ३६८ हा आकडा बीएल ट्यूबच्या शिखराच्या जवळचा आहे. शेतातील सापळ्यासाठी एवढ्या रंगांची गरज नाही. मुख्य भाग ३६५-३७० चा आणि जोडीला एखादा निळा एलईडी असला तरी पुरे.

अडचण अशी की बाजारात ‘यूव्ही एलईडी’ म्हणून मिळणाऱ्या स्वस्त पट्ट्या आणि बल्ब बहुधा ३९५ ते ४०५ नॅनोमीटरचे असतात. पार्टीत, सजावटीत आणि नखांच्या पॉलिशसाठी ते वापरतात. त्यांच्याकडेही कीटक येतात, पण हा प्रकाश अतिनीलच्या अगदी काठावरचा असल्याने तेवढ्याच वॉटला सहसा कमी. खरेदी करताना वेष्टनावर नॅनोमीटरचा आकडा लिहिलेला आहे का ते पाहावे. नुसते ‘यूव्ही’, ‘पर्पल’ किंवा ‘ब्लॅकलाइट’ लिहिलेले असेल तर तो दिवा ३९५-४०५ चा आहे असे धरून चालावे.

दुकानात डोळ्यांनीही साधारण अंदाज येतो. ४०० च्या आसपासचा एलईडी गडद, झगझगीत जांभळा दिसतो. ३६५ चा एलईडी उलट मंद, फिकट निळसर-पांढुरका दिसतो, जणू नीट पेटलेलाच नाही. म्हणजे आपल्याला जो जास्त जांभळा आणि जोरदार वाटतो, तोच सापळ्यासाठी डावा. साबणाने धुतलेला पांढरा सदरा किंवा नोटेवरील क्रमांक दिव्याखाली चमकतो म्हणून दिवा चांगला, असे काही विक्रेते दाखवतात. नोटेवरील क्रमांकाची शाई अतिनील किरणांत चमकते हे खरे आहे, पण ३९५ च्या दिव्याखालीही ती चमकते. त्यामुळे या चाचणीतून अतिनील आहे एवढेच कळते, कितीचा आहे ते नाही.

वॉटच्या तुलनेतही फसगत होते. १५ वॉटच्या बीएल ट्यूबमधून साधारण पाचवा हिस्सा शक्तीच अतिनील किरणांच्या रूपाने बाहेर पडते, बाकीची उष्णतेत जाते. चोकमध्ये आणखी काही वॉट जळतात ते वेगळेच. चांगल्या ३६५ च्या एलईडीत हे प्रमाण ट्यूबपेक्षा बरेच जास्त असते, म्हणून ६ ते ८ वॉटचा एलईडी १५ वॉटच्या ट्यूबची जागा घेऊ शकतो. स्वस्त चिपमध्ये मात्र तेवढ्याच वॉटला निम्मेही किरण मिळत नाहीत. विक्रेत्याला ल्युमेन विचारू नयेत. ल्युमेन हे माणसाच्या डोळ्याचे माप आहे, अतिनील दिव्याला ते जवळपास शून्यच येते. ‘रेडियंट फ्लक्स किती मिलिवॉट’ असे विचारावे. माहितीपत्रक देणारा उत्पादक हा आकडा देतो.

एक इशारा इथेच. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रात किंवा निर्जंतुकीकरणासाठी वापरतात ती ‘यूव्ही’ ट्यूबही सापळ्याच्या ट्यूबसारखीच लांब असते आणि बऱ्याचदा त्याच होल्डरमध्ये बसते. ती पारदर्शक काचेची असते, आतली पावडर नसते आणि ती २५४ नॅनोमीटरचे किरण थेट बाहेर सोडते. ती सापळ्यात कधीही लावू नये. काही मिनिटांतच डोळ्यांना आणि कातडीला इजा होऊ शकते. वाळू गेल्यासारखे डोळे चुरचुरणे रात्री उशिरा सुरू होते, तोवर कारण लक्षातही येत नाही.

झाकण: सर्वांत जास्त दुर्लक्षित भाग

योग्य एलईडी घेऊनही सापळा रिकामा राहिला, तर आधी झाकण तपासावे. पावसापासून दिवा वाचवण्यासाठी बऱ्याच सापळ्यांत पॉलिकार्बोनेटची नळी किंवा पत्रा लावतात. पॉलिकार्बोनेट आपल्याला काचेसारखे स्वच्छ दिसते, पण अतिनील किरण ते जवळपास पूर्ण अडवते. पॉलिहाउसवर आणि शेडवर लावतात तो पत्राही असाच. एलईडी ट्यूबचे दुधी प्लॅस्टिक कव्हरही बहुधा याच जातीचे असते. म्हणजे आत ३६५ चा दिवा आणि बाहेर फक्त निळसर छटा, असा प्रकार होतो.

खिडकीची साधी, पातळ काच ३६५ नॅनोमीटरचे बरेचसे किरण जाऊ देते. त्यामुळे कंदिलाची किंवा साधी काचेची चिमणी पॉलिकार्बोनेटपेक्षा कितीतरी चांगली. अॅक्रिलिकचे प्रकार वेगवेगळे असतात. उन्हात पिवळे पडू नये म्हणून ज्यात औषध मिसळलेले असते ते अॅक्रिलिक अतिनील अडवते. दुकानदारालाही हा फरक सहसा माहीत नसतो.

तपासणी सोपी आहे. रात्री अंधारात दिव्यासमोर दोन-तीन फुटांवर पांढरा कागद धरावा. कागद निळसर चमकतो. मग दिवा आणि कागद यांच्यामध्ये झाकण आणावे. कागदाची चमक बरीच विझली तर ते झाकण सापळ्याच्या कामाचे नाही. काच मध्ये आणून पाहिली की फरक लगेच कळतो. ही तपासणी करताना दिव्याकडे पाहू नये, कागदाकडे पाहावे.

झाकणच नको असेल तर वरून पत्र्याची टोपी देऊन, सिलिकॉनचा पारदर्शक थर दिलेले एलईडी उघडे ठेवता येतात. थर इपॉक्सीचा असेल तर अतिनील किरणांनीच तो काही महिन्यांत पिवळा पडतो आणि प्रकाश आतच अडतो. सापळ्याचे प्लॅस्टिक नरसाळेही दिव्याच्या अगदी जवळ असेल तर दोन-तीन हंगामांत ठिसूळ होते. पत्र्याचे किंवा स्टीलचे नरसाळे टिकाऊ.

प्रकाश चारही बाजूंना जायला हवा

ट्यूब गोल असते, ती सगळीकडे सारखा प्रकाश टाकते. एलईडी एका दिशेला, साधारण १२० अंशांत प्रकाश टाकतो. ट्यूबच्या जागी एकाच बाजूला चिप असलेली पट्टी बसवली की सापळ्याच्या मागचे अर्धे शेत अंधारात राहते. चौकोनी अॅल्युमिनियम नळीच्या चारही बाजूंना एलईडी पट्ट्या चिकटवून ती नळी उभी लावणे हा स्वस्त आणि चांगला उपाय आहे. नळीमुळे चिपची उष्णताही बाहेर जाते. नुसत्या प्लॅस्टिकवर चिकटवलेली चिप तापते, तिचा प्रकाश घटतो आणि ती लवकर जाते.

कीटक दिव्यावर सरळ येऊन आदळतात असे आपण समजतो. २०२४ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वेगवान कॅमेऱ्यांनी पाहिले तर चित्र निराळे निघाले. उडताना कीटक आपली पाठ उजेडाकडे ठेवतात, कारण एरवी उजळ बाजू म्हणजे आकाश. दिवा बाजूला असला की ते पाठ त्याच्याकडे वळवत राहतात आणि घिरट्या घालतात. दिव्याच्या वर आले तर उलटे होऊन खाली पडतात. सापळ्याच्या दृष्टीने यातून एक गोष्ट घ्यायची: दिव्याभोवती उभे पत्र्याचे पंख असायलाच हवेत. घिरट्या घालणारा पतंग पंखाला धडकतो आणि नरसाळ्यात पडतो. जुनी १८ इंची ट्यूब काढून बोटभर लांबीचा एलईडी बसवला आणि पंख तसेच ठेवले, तर दिवा पंखांच्या वरच्या किंवा खालच्या टोकाला राहतो आणि पतंग बाहेरच फिरत बसतात. एलईडी पंखांच्या मध्यावर आणावा.

वायरिंग

हे काम वायरमनकडून करून घ्यावे, पण काय करायचे ते आपल्याला माहीत असावे.

वीजजोडणीवर चालणाऱ्या सापळ्यात ट्यूबबरोबर चोक आणि स्टार्टर असतो. एलईडी ट्यूब तीन प्रकारच्या मिळतात. पहिल्या प्रकारात चोक तसाच राहतो, फक्त स्टार्टर काढून ट्यूबबरोबर आलेला डमी स्टार्टर लावायचा. हे सर्वांत सोपे, पण चोकमधली वीज जळतच राहते. दुसऱ्या प्रकारात चोक आणि स्टार्टर दोन्ही काढून थेट २३० व्होल्ट जोडतात. काही ट्यूबना फेज आणि न्यूट्रल एकाच टोकाला लागतात, काहींना एका टोकाला फेज आणि दुसऱ्याला न्यूट्रल. वेष्टनावरील आकृती पाहिल्याशिवाय जोडू नये. दोन टोकांच्या प्रकारात एक बाजू होल्डरमध्ये बसवून दुसरी हातात धरली तर झटका बसू शकतो, म्हणून मेन स्विच बंद करूनच ट्यूब बसवावी. तिसऱ्या प्रकारात ड्रायव्हर बाहेर असतो आणि चिपपर्यंत कमी व्होल्टचा डीसी पुरवठा जातो. ओल्या बांधावर, पाण्याच्या घमेल्याशेजारी चालणाऱ्या सापळ्यासाठी हाच प्रकार सर्वांत सुरक्षित. ड्रायव्हर खांबावर उंच, बंद डब्यात ठेवावा.

चोक काढून थेट जोडणी केली असेल तर सापळ्यावर ठळक अक्षरांत ‘फक्त एलईडी’ असे लिहावे. पुढच्या वर्षी कोणीतरी घरातली जुनी ट्यूब त्यात बसवतो. चोक नसल्याने विजेचा प्रवाह अडवणारे काहीच राहत नाही. जोडणीनुसार ट्यूब एक तर पेटत नाही किंवा तिचे टोक जळते. शेतात येणाऱ्या जोडणीवर ईएलसीबी असलाच पाहिजे, एलईडी असो वा ट्यूब.

सौर सापळ्यात बॅटरीचे १२ व्होल्ट एका छोट्या इन्व्हर्टर सर्किटमधून ट्यूबला दिलेले असतात. हे सर्किट ट्यूबसाठी खूप जास्त व्होल्टेज तयार करते. एलईडी त्याच्या बाहेरच्या टोकाला जोडला तर क्षणात जातो. सर्किट काढून टाकावे आणि बॅटरी व एलईडी यांच्यामध्ये कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर लावावा. बॅटरी पूर्ण भरलेली असताना आणि उतरलेली असताना व्होल्टेजमध्ये दोन-तीन व्होल्टचा फरक पडतो. नुसता रेझिस्टर लावला तर संध्याकाळी दिवा प्रखर आणि रात्री मंद होतो, म्हणजे रोजच्या नोंदीही सारख्या राहत नाहीत.

फायदा नेमका कुठे

विजेचे बिल वाचते हे कारण फारसे खरे नाही. चोकसह २० वॉट घेणारी ट्यूब रोज ४ तास, १२० रात्री चालवली तर ९.६ युनिट लागतात. ६ वॉटच्या एलईडीला साधारण २.९ युनिट. संपूर्ण हंगामात वाचले ते पावणेसात युनिट.

सौर सापळ्यात मात्र हिशेब पूर्ण बदलतो. अशा सापळ्यांत बहुतेक वेळा १२ व्होल्ट ७ अॅम्पिअर-तासाची लेड अॅसिड बॅटरी असते. तिच्यात ८४ वॉट-तास साठतात, पण ती निम्म्यापेक्षा जास्त उतरवली तर आयुष्य झपाट्याने कमी होते. म्हणजे वापरता येतात ४२. २० वॉटचा दिवा यावर दोन तासांत थांबतो. ६ वॉटचा एलईडी ४ तास चालून २४ वॉट-तासच घेतो. शिवाय किडींचा जोर जुलै ते सप्टेंबर असतो आणि नेमके त्याच दिवसांत आभाळ भरलेले असते. २० वॉटच्या पॅनेलला ढगाळ दिवसात दोन तासांच्या कडक उन्हाइतकाच प्रकाश मिळाला असे धरले आणि तूट वजा केली, तर हाती येतात २८ वॉट-तास. ट्यूबला ते अपुरे, एलईडीला पुरेसे. सलग आठ दिवस सूर्य न दिसणाऱ्या भात पट्ट्यात, कोकणात काय किंवा गोंदिया-भंडाऱ्यात काय, सापळा रोज पेटतो की नाही हे यावरच ठरते.

याखेरीज एलईडी वाहतुकीत फुटत नाही, व्होल्टेज कमी असताना लुकलुकत नाही, थंडीत त्याचा प्रकाश घटत नाही. हरभऱ्यात घाटेअळीसाठी डिसेंबरात सापळा लावणाऱ्यांना या शेवटच्या गोष्टीचा उपयोग होतो. फ्लोरोसेंट ट्यूब थंड हवेत मंद पडते. एलईडीचा कच्चा दुवा म्हणजे ड्रायव्हर. चिप टिकते, ड्रायव्हर विजांच्या कडकडाटात जातो. एक जादा ड्रायव्हर घरात असावा.

जुन्या नोंदी आणि नवा दिवा

कृषी सहायक, कीड सर्वेक्षक आणि गटाने नोंदवही ठेवणारे शेतकरी यांच्यासाठी हा भाग महत्त्वाचा आहे. महाराष्ट्रात २००९-१० पासून क्रॉपसॅप प्रकल्पातून सोयाबीन, कापूस, भात, तूर आणि हरभरा या पिकांवरील किडींचे नियमित सर्वेक्षण होते. अशा कामात आकडा एका दिवसाचा महत्त्वाचा नसतो, मागच्या आठवड्याशी आणि मागच्या वर्षीशी त्याची तुलना महत्त्वाची असते. मध्येच दिवा बदलला की तुलना तुटते. मागच्या वर्षी रात्री ४० पतंग आणि यंदा २० यातून कीड निम्मी झाली की दिवा अर्धवट आहे, हे सांगता येत नाही.

म्हणून काही रात्री दोन्ही सापळे सोबत चालवावेत. एकात जुनी ट्यूब, दुसऱ्यात नवा एलईडी. दोन्हींत किमान १०० मीटर अंतर, पीक सारखेच, उंची आणि वेळ सारखी. दर रात्री दिव्यांची अदलाबदल करावी, नाहीतर दिव्याचा फरक आणि जागेचा फरक वेगळा काढता येत नाही. पौर्णिमेच्या आसपास सगळ्याच सापळ्यांत कीटक कमी येतात, त्यामुळे अंधाऱ्या पंधरवड्यातील आठ-दहा रात्री निवडाव्यात. जमल्यास पूर्ण महिना चालवावे.

मोजणी किडीनुसार वेगळी ठेवावी. समजा दहा रात्रींत तंबाखूवरील पाने खाणाऱ्या अळीचे पतंग ट्यूबवर १८० आणि एलईडीवर १३५ आले, तर प्रमाण ०.७५. त्याच रात्री भातावरील हिरवे तुडतुडे ट्यूबवर ६०० आणि एलईडीवर २४० आले, तर प्रमाण ०.४. हे आकडे केवळ हिशेब समजण्यासाठी आहेत. पण प्रत्यक्षातही प्रत्येक किडीचे प्रमाण वेगळेच निघते. सगळे कीटक एकत्र मोजून एकच प्रमाण काढले तर ते कोणत्याच किडीला लागू पडत नाही. पुढे एलईडीवर ३० पतंग आले की ३० ला ०.७५ ने भागून ४० असे जुन्या मापात नोंदवावे. अशी जोडचाचणी शक्यच नसेल तर निदान दिवा बदलल्याची तारीख, नॅनोमीटर आणि वॉट नोंदवहीत लाल शाईने लिहून ठेवावेत आणि त्या तारखेच्या अलीकडचे-पलीकडचे आकडे एकत्र धरू नयेत.

दिवा बदलून जे बदलत नाही

सापळा प्रामुख्याने सूचना देणारे साधन आहे. अनेक पतंगांत दिव्यावर येणाऱ्यांत नर जास्त असतात आणि येणाऱ्या माद्यांपैकी बऱ्याच जणींनी आधीच अंडी घातलेली असतात. त्यामुळे चांगल्या एलईडीने पकड वाढली तरी शेतातले अंडीपुंज आणि लहान अळ्या शोधण्याला पर्याय नाही. फळमाशी, मावा आणि फुलकिडे यांच्यासाठी प्रकाश सापळा उपयोगाचा नाही, दिवा कोणताही असो. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळाच अधिक भरवशाचा.

हुमणीसाठी पहिल्या वळवाच्या पावसानंतर भुंगेरे जमिनीतून निघतात तेवढे काही दिवसच सापळ्याचे असतात. भुंगेरे अंधार पडता पडता बाहेर येतात, म्हणून दिवा सूर्यास्तालाच लागला पाहिजे. एक तास उशीर म्हणजे त्या रात्रीची निम्मी संधी गेली. मात्र हुमणीच्या सर्व जाती प्रकाशाकडे सारख्या येत नाहीत. त्यामुळे बांधावरच्या कडुनिंब, बाभूळ, बोरीवर बसलेले भुंगेरे फांद्या हलवून गोळा करणे चालूच ठेवावे.

अतिनील प्रकाशाकडे मित्रकीटकही येतात. म्हणून रात्रभर दिवा ठेवू नये. सूर्यास्तापासून तीन-चार तास पुरेत, टायमर लावावा. जाळीच्या पिशवीत पकड होत असेल तर जाळी अशी असावी की बारीक परोपजीवी कीटक बाहेर पडू शकतील. सापळा पिकाच्या मधोमध न लावता बांधाजवळ, दिवा पिकाच्या शेंड्यापेक्षा थोडा वर येईल असा लावावा. दिव्यापर्यंत येऊन न पकडलेले पतंग जवळच्याच झाडांवर अंडी घालतात. सापळ्याभोवतीच्या पाच-दहा मीटर पट्ट्यात रोज नजर टाकावी. रस्त्याचा दिवा जवळ असेल तर सापळ्याची जागा बदलावी. घमेल्यात रॉकेल नसेल तर साबणाचे पाणी चालते.

३६५ नॅनोमीटरच्या एलईडीकडे जवळून पाहू नये. तो मंद दिसत असल्याने डोळ्याची बाहुली आकुंचत नाही आणि आपल्याला त्रासही जाणवत नाही. सापळा साफ करताना दिवा बंद करावा. बंद करणे शक्य नसेल तर पॉलिकार्बोनेटचा चष्मा घालावा. जो पत्रा सापळ्यात नको, तोच इथे उपयोगी. या दिव्याखाली विंचू हिरवट चमकतो, त्यामुळे रात्री सापळ्याभोवतीचे दगड आणि बांध पाहून पाऊल टाकता येते.

काढलेल्या ट्यूबचे काय

मिनामाता कराराच्या २०२३ च्या बैठकीत सर्वसाधारण उजेडासाठीच्या फ्लोरोसेंट ट्यूबचे उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ अखेरपर्यंत थांबवण्याचे ठरले. भारत २०१८ पासून या करारात आहे. बीएल ट्यूब या खास वापराच्या असल्या तरी साध्या ट्यूबचे कारखाने बंद होत गेले की त्याही महाग आणि दुर्मिळ होतील. जोडचाचणीसाठी एक चालू ट्यूब जपून ठेवावी.

बाकीच्या ट्यूब उकिरड्यावर, विहिरीत किंवा ओढ्यात टाकू नयेत, जाळूही नयेत. त्यात थोडा का होईना पारा असतो. २०२२ च्या ई-कचरा नियमांत पारायुक्त दिव्यांचा समावेश आहे, त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणी ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे न फुटलेल्या ट्यूब पुठ्ठ्यात गुंडाळून द्याव्यात. खोलीत ट्यूब फुटली तर मुलांना बाहेर काढून दारे-खिडक्या पंधरा-वीस मिनिटे उघडी ठेवावीत. तुकडे झाडूने न झाडता जाड कागदाने उचलावेत, बारीक पावडर ओल्या कागदाने टिपावी आणि सगळे झाकणाच्या बरणीत बंद करून त्याच ई-कचऱ्याबरोबर द्यावे.